आपली बरकत आणि ब्रिक लेनची गरिबी: ब्रिटनमधल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
ब्रिटनमधील सर्व मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि कार्यकारिणी सदस्य

सप्रेम नमस्कार, वि. वि.

गणेशोत्सवात एका मंडळाच्या व्यासपीठावरून पाहुण्यांचं भाषण झालं. मंडळ कुठलं ते सांगत नाही, कारण हेच भाषण मी निरनिराळ्या गावांत, निरनिराळ्या तोंडून ऐकलेलं आहे. सारांश असा: भारतीय माणूस या देशात आला, शिकला, घर घेतलं, टॅक्स भरला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि ‘ते’, म्हणजे बांगलादेशी, त्याच उपखंडातून, त्याच सुमारास आले आणि अजून कौन्सिलच्या फ्लॅटमध्ये बसून भत्ते घेतायत. फरक कशाचा? संस्कारांचा. टाळ्या. मग आरती.

मी पूर्व लंडनमध्ये अकाउंट्सचं काम करते. माझ्याकडे दोन्हीकडची माणसं हिशेब घेऊन येतात, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

आधी हे मान्य करते की तफावत खरी आहे आणि मोठी आहे. वांशिक समानतेवर काम करणाऱ्या रनीमीड ट्रस्टच्या २०२० च्या अहवालात असं आलं होतं की गोऱ्या ब्रिटिश कुटुंबाकडे एक पौंडाची मालमत्ता असेल, तर भारतीय कुटुंबाकडे ९० ते ९५ पेन्सची असते आणि बांगलादेशी कुटुंबाकडे सुमारे १० पेन्सची. सरकारी सांख्यिकी कार्यालयाच्या २०१८ च्या आकड्यांत भारतीय नोकरदाराचा तासाचा पगार गोऱ्या ब्रिटिश माणसापेक्षा जास्त होता, तर बांगलादेशी नोकरदाराचा सुमारे २० टक्क्यांनी कमी. इंग्लंडमध्ये २०१६ ते २०१८ या काळात शंभरातली ७४ भारतीय कुटुंबं स्वतःच्या घरात राहत होती, बांगलादेशी ४६. घरभाडं वजा केलं तर अर्ध्याहून जास्त बांगलादेशी कुटुंबं दारिद्र्यात मोडतात. म्हणजे पाहुण्यांचे आकडे चुकले नव्हते. चुकलं ते त्यांचं कारण, आणि ‘त्याच सुमारास आले’ हे तीन शब्द.

कोण, कुठून, कधी आणि हातात काय घेऊन आलं, हे एकदा नीट बघू या.

ब्रिटनमधले बहुसंख्य बांगलादेशी ईशान्य बांगलादेशातल्या सिल्हेटचे. त्यांच्या इथे येण्याची सुरुवात बोटीच्या इंजिनखान्यात झाली. कलकत्त्याहून सुटणाऱ्या ब्रिटिश बोटींवर भट्टीत कोळसा टाकायला सिल्हेटी माणसं भरत. त्यांना आगवाले म्हणत. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी आणि जेवणाच्या दालनात गोंयकार असत, हे आपल्यापैकी कोकणातल्या घरांना माहीत असेल. आगवाल्याची जागा सगळ्यात खालची आणि सगळ्यात तापलेली. त्यातले काही लंडनच्या गोदीत उतरून परतलेच नाहीत. पूर्व लंडनमध्ये ऑल्डगेट, स्पिटलफिल्ड्सच्या आसपास, म्हणजे आजच्या ब्रिक लेनच्या भागात, राहिले आणि हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत भांडी घासू लागले. स्थलांतरावर बंधनं घालणारा १९६२ चा कायदा येण्याच्या आधी आणि नंतर कामाच्या परवान्यावर त्यांचे भाऊ-पुतणे आले. कोणी लंडनला कपड्यांच्या वर्कशॉपांत, कोणी बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत, कोणी ओल्डहॅमच्या सूतगिरण्यांत रात्रपाळीला. बहुतेक एकटे. चार पैसे जमवायचे आणि गावी परत जायचं, एवढाच बेत.

मग १९७१ चं युद्ध झालं, इकडे कायदे आवळत गेले, आणि परत जाण्याचा बेत बारगळला. बायका-मुलं आणायची तर ढाक्याच्या ब्रिटिश कचेरीत वर्षानुवर्षं रांग. कुटुंबं खऱ्या अर्थानं इथे पोचली ती सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात. म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा त्या सूतगिरण्या आणि कारखाने बंद पडत होते. १९८२ च्या संपानंतर परळ-लालबागचं काय झालं ते ज्यांच्या घरात घडलंय, त्यांना मी वेगळं काय सांगू? गिरणी बंद पडल्यावर चाळीस वर्षांचा, एकच काम येणारा, एकट्याच्या पगारावर सहा तोंडं पोसणारा माणूस काय करतो? गिरणगावात वडापावच्या गाड्या लागल्या, कोणी वॉचमन झाले. ओल्डहॅममध्ये टॅक्सी आणि टेकअवे आलं. गिरणगावच्या माणसाची गरिबी आपण कधी त्याच्या संस्कारांवर ढकलली नाही.

आता आपली बाजू. ब्रिटनमधल्या भारतीयांच्या भरभराटीची जी गोष्ट सांगतात, तिचा मोठा भाग पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती आणि पंजाबी कुटुंबांचा आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. सुमारे २८ हजार लोक ब्रिटनला आले. लेस्टरच्या नगरपालिकेनं तर युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्याकडे येऊ नका’ असं कळवलं होतं. तेच लेस्टर आज दिवाळीच्या रोषणाईचे फोटो आवडीनं छापतं. ही माणसं सगळं गमावून आली, हे खरंच. पण गमावलं ते दुकान आणि बंगला. इंग्रजी गमावलं नव्हतं, शाळेचे दाखले गमावले नव्हते, दोन-तीन पिढ्यांची व्यापाराची समज गमावली नव्हती. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळं कुटुंब एकाच वेळी आलं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून घरात कमावते हात तीन-चार. आणि सरकारनं त्यांच्यासाठी पुनर्वसन मंडळ नेमलं होतं. हात रिकामे आणि डोकं भरलेलं, अशी ती अवस्था.

तरी ती माणसंही सुरुवातीला सुखात नव्हती. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिलला आहे, १९३२ साली स्थापन झालेली आपली मोठी संस्था. त्याच डॉलिस हिलच्या परिसरात ग्रनविक नावाचा फोटो धुण्याचा कारखाना होता. ऑगस्ट १९७६ मध्ये तिथे जयाबेन देसाई कामावरून बाहेर पडल्या आणि साडीवर कोट घातलेल्या गुजराती बायकांचा संप १९७८ पर्यंत चालला. तो हरला. त्या बायका आफ्रिकेत खाऊनपिऊन सुखी घरांतल्या होत्या आणि इथे तुटपुंज्या पगारावर, वरिष्ठांची बोलणी खात काम करत होत्या. आपल्याकडचं कोणी हे मुलांना सांगतं का? मला तरी आठवत नाही. आपल्या यशाच्या गोष्टीत संप बसत नाही, त्यामुळे तो गाळला जातो.

मुख्य मुद्दा घराचा आहे, आणि हिशेब लिहिणारी म्हणून मला तोच सगळ्यात जवळचा वाटतो. या देशात मध्यमवर्गाची श्रीमंती म्हणजे बहुतांशी घर. सत्तर-ऐंशीच्या दशकात हॅरो, वेंब्ली, लेस्टरला ज्यांनी जोडघर घेतलं, त्यांनी पुढे काहीही केलं नसतं तरी ते श्रीमंत झाले असते. भावांनी मिळून डिपॉझिट भरलं, वर भाडेकरू ठेवला, कर्ज फेडलं, किंमत दहापट झाली. स्पिटलफिल्ड्सच्या सिल्हेटी कुटुंबाला तेव्हा कौन्सिलचं घरसुद्धा मिळत नव्हतं. पडीक इमारतींत घुसून राहणारी शेकडो बंगाली कुटुंबं तिथे होती आणि १९७६ मध्ये त्यांनी घरांसाठी आपली संघटना उभी केली. बाहेरच्या वस्त्यांत फ्लॅट देऊ केले तर ते घ्यायची भीती, कारण तिथे मारहाण ठरलेली. ४ मे १९७८ ला अल्ताब अली हा कापड कामगार काम संपवून घरी जाताना व्हाइटचॅपलला भोसकला गेला. दहा दिवसांनी सुमारे सात हजार लोक त्याची शवपेटी घेऊन डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेले. आज त्या जागी त्याच्या नावाचं उद्यान आहे; पुढच्या वेळी ब्रिक लेनला जेवायला जाल तेव्हा पाच मिनिटं वाट वाकडी करा. जीव मुठीत धरून माणसं एकाच मोहल्ल्यात राहिली, भाड्यानं राहिली, आणि लंडनच्या घरांच्या किमती चढत असताना ती चढण त्यांना शिवली नाही. ते १० पेन्स तिथून आलेत.

आता माझ्या टेबलावरचं थोडं सांगते. नावं-गावं सोडून.

एका सिल्हेटी मालकाचं रेस्टॉरंट आहे. पाटीवर ‘इंडियन’ लिहिलंय, भिंतीवर ताजमहाल, आत एकही भारतीय नाही. तो तिमाहीची बिलं बासमतीच्या रिकाम्या पिशवीत घालून आणतो. तेलाचे डाग पडलेली, काही ओली. कितीही सांगा, फोल्डर आणणार नाही. विक्रीतला व्हॅट सरकारचा, भाडं घरमालकाचं, २०२२ मध्ये तेलाचे आणि गॅसचे भाव भडकले ते धड खाली आलेच नाहीत. कोर्माचा भाव एक पौंडानं वाढवला तर गिऱ्हाईक शेजारच्या पबच्या ‘करी नाइट’ला जातं. सिल्हेटहून आचारी आणायची सोय नियमांनी जवळजवळ संपवली. स्वतः मालक घेतो तो पगार हेड वेटरपेक्षा कमी, आणि पेन्शनच्या रकान्यात शून्य. त्याची आई ऐंशीच्या दशकात घरी शिलाई मशीनवर जॅकेटांची अस्तरं शिवायची, नगावर पैसे. त्या कामाची नोंद कुठल्याच कागदावर नाही, त्यामुळे तिच्या नावावर निवृत्तिवेतनाची वर्षंही भरली नाहीत.

त्याच दिवशी दुपारी आपला एक मराठी इंजिनियर येतो. येतो म्हणजे ईमेल येते. पी६० या वर्षाच्या पगाराच्या दाखल्याची पीडीएफ, कंपनीच्या शेअर्सचं एक पान, वाकडच्या फ्लॅटचं भाडं. वीस मिनिटांत काम होतं. मेहनती आहे, हुशार आहे, त्याच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्याच्या शिक्षणाचा खर्च झाला महाराष्ट्रात, बराचसा सरकारी कॉलेजात. इथे आला तो पंचविसाव्या वर्षी, तयार होऊन, कंपनीनं काढून दिलेल्या व्हिसावर. आणि त्या व्हिसाची मुख्य अटच पगार ही आहे. एप्रिल २०२४ मध्ये ती मर्यादा २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर नेली, जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर. पगार बघूनच ज्याला आत घेतलं, त्यानं आत आल्यावर ‘बघा, आमचा पगार जास्त’ म्हणावं, हे जरा गमतीचं नाही का? साठच्या दशकात इथल्या रुग्णालयांसाठी आलेले आपले डॉक्टर असोत की आजचे आयटीवाले, आपल्याला या देशानं चाळणीतून चाळून घेतलंय. बीडचा ऊसतोड कामगार किंवा मेळघाटातला शेतमजूर हिथ्रोला उतरलेला नाही. तो उतरला असता आणि चाळीस वर्षं इथे राहिला असता, तर आपली सरासरी काय असती याचा अंदाज करा.

याचा पुरावा ‘भारतीय’ या रकान्यातच आहे, आणि तो आपल्या अगदी घरचा आहे. स्विंडन, साउथॉल, हाउन्स्लो इथले गोंयकार बघा. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. ब्रेक्झिटच्या आधी त्या पासपोर्टवर हजारो जण इकडे आले. त्यांना पगाराची चाळणी लागली नाही, पदवी कोणी विचारली नाही. मग ते काय करतात? गोदामांत रात्रपाळी, विमानतळावर सामान चढवणं, हॉटेलांत साफसफाई, केअर होममध्ये म्हाताऱ्यांची शुश्रूषा. तीन बेडरूमच्या घरात तीन कुटुंबं. माझ्या ओळखीची एक मडगावची बाई गावात शाळेत शिकवायची. इथे ती पार्सलं स्कॅन करते आणि हातातल्या यंत्रावर तिचे सेकंद मोजले जातात. तिचे संस्कार विमानात राहिले का? भाषा आणि देव आपले किंवा आपल्या शेजारचे, माशाची आमटी तीच. फक्त येण्याची वाट वेगळी, आणि मिळकत बहुतांशी ब्रिक लेनच्या वाटेवरची.

उलटा पुरावा हवा असेल तर शाळा बघा. १९८५ च्या स्वान अहवालात बांगलादेशी मुलांची शाळेतली कामगिरी चिंताजनक म्हणून नोंदवली होती. १९९७ च्या सुमारास, ब्रिक लेन ज्या पालिकेत येते त्या टॉवर हॅम्लेट्सचं शिक्षण खातं देशातल्या १४९ पैकी १४९ व्या क्रमांकावर होतं. मग शाळांमध्ये पैसा आला, चांगले मुख्याध्यापक आले, मुलांकडून अपेक्षा ठेवल्या गेल्या, पालकांशी त्यांच्या भाषेत बोलणारी माणसं नेमली गेली. आज जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेला, बांगलादेशी मुलं सरासरीनं गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या पुढे आहेत आणि गेली कित्येक वर्षं आहेत. त्याच आया, तीच मशीद, घरात तीच सिल्हेटी. मला त्या रेस्टॉरंटच्या मालकाची मुलगी माहीत आहे, ती एका ऑडिट फर्ममध्ये आहे आणि वडिलांच्या पिशवीवरून त्यांना माझ्यापेक्षा जास्त रागावते.

मात्र मार्क वाढले तेवढे पगार वाढलेले नाहीत. तेच शिक्षण, तीच पदवी, आणि नोकरीच्या अर्जावरचं नाव वेगळं असलं की मुलाखतीचे फोन कमी येतात. ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजमधल्या संशोधकांनी खोटे अर्ज पाठवून ते तपासलं होतं; निष्कर्ष २०१९ मध्ये आले. अल्पसंख्य उमेदवाराला तेवढ्याच प्रतिसादासाठी सुमारे ६० टक्के जास्त अर्ज करावे लागले. हे आपल्या मुलांनाही लागू आहे, बरं का. ‘पाटील’ आणि ‘रहमान’ यांत तिकडच्या टेबलावर फार मोठा फरक पडतो असं समजू नका.

रूढींचा काहीच वाटा नाही, असं मी म्हणणार नाही. बांगलादेशी बायकांचं नोकरी करण्याचं प्रमाण या देशात सगळ्यात कमी असलेल्या गटांत आहे, आणि त्यात नवरा-सासूचा धाक हाही एक भाग आहे. माझ्या क्लायंटांच्या घरी मी तो बघते आणि कधीकधी बोलूनही दाखवते. सिल्हेटला ‘लंडनी’ लोकांनी बांधलेले, वर्षातले अकरा महिने बंद असणारे बंगले हाही बुडीत पैसा. पण बायकांच्या बाबतीत पाळणाघराचा खर्च, इंग्रजीच्या बंद झालेल्या मोफत शिकवण्या, आणि एका पगाराच्या घरातला म्हाताऱ्यांचा भार हे सोडून नुसता धाक धरून बसायचं, हे बरोबर नाही. आणि कुलूपबंद बंगल्याबद्दल आपण बोलूच नये. हिंजवडी ते बाणेर आपले किती फ्लॅट बंद आहेत ते मला टॅक्स रिटर्नमधून कळतं.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत या देशात मृत्यूचा सर्वाधिक धोका बांगलादेशी पुरुषांना होता. टॅक्सी, रेस्टॉरंट, लहान घरात तीन पिढ्या. आपण तेव्हा घरून काम करत होतो आणि जेवण त्यांच्याकडून मागवत होतो. एवढंच लिहिते.

आता हे पत्र आत्ताच का, ते सांगते. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारनं कायम वास्तव्याचा हक्क मिळण्याची मुदत पाच वर्षांवरून दहा करण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हापासून आपल्या ग्रुपांवर संताप आहे आणि तो रास्त आहे. माणसांनी आयुष्यं आखली होती. पण खासदारांना पाठवण्यासाठी जे मसुदे फिरले, त्यातले काही मी वाचले. ‘आम्ही भत्ते घेणाऱ्यांपैकी नाही, आम्हाला त्यांच्याबरोबर मोजू नका’ असा सूर. हा सूर लावून आपण काय मिळवणार? जोडीदाराला आणण्यासाठी लागणारी उत्पन्नाची मर्यादा एप्रिल २०२४ मध्ये १८,६०० वरून २९,००० पौंडांवर नेली, तेव्हा सिल्हेटी वेटरची बायको अडकली, म्हणून आपण गप्प राहिलो. तीच पट्टी वर सरकत आता आपल्यापर्यंत आली आहे. माणसाची किंमत त्याच्या पगारानं ठरते हे आपण कबूल केलं की मग आकडा कितीवर ठेवायचा हे ठरवणं आपल्या हातात उरत नाही. कंपनीनं उद्या कपात केली की आपलाच माणूस साठ दिवसांत नवा स्पॉन्सर शोधत फिरतो, ही गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. व्यासपीठावरून दुसऱ्या समाजाच्या गरिबीचा दाखला देऊन आपलं कौतुक करणारी भाषणं बंद करा. पाहुण्यांना आधी सांगून ठेवा. खासदारांना पाठवायच्या निवेदनातून ती वाक्यं काढा आणि शक्य असेल तर स्थानिक बांगलादेशी संघटनेबरोबर एकत्र निवेदन द्या; व्हिसाच्या फीचा आणि मुदतीचा जाच दोघांनाही आहे. गोंयकारांना सभासद करून घ्या, वर्गणीत सवलत द्या, रविवारऐवजी त्यांच्या पाळीला जमेल अशा वेळी एखादा कार्यक्रम ठेवा. मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांना एक दिवस डॉलिस हिल आणि व्हाइटचॅपल फिरवून आणा. माहिती सांगायला मी येईन. मानधन नको, चहा चालेल.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घेतलात तर कळवा. विरोधात बोलणाऱ्यांनाही बोलवा. आकडे घेऊन या, मीही आणते.

आपली,
एक आजीव सभासद
पूर्व लंडन